भातपिकातील विषाणुरोग आणि त्यांचे वाहक कीटक : नावे, नाती आणि उपाय

कृषिविषयक मराठी लेखनात 'कीड व रोग' हा शब्दबंध इतका रुळलेला आहे की त्यातील 'व' या लहानशा अव्ययाकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. कीड म्हणजे डोळ्यांना दिसणारा, पीक खाणारा किंवा त्याचा रस शोषणारा जीव. रोग म्हणजे पानांवर उमटणारे डाग, करपणे, पिवळे पडणे, खुजेपणा. माहितीपुस्तिकांतून दोहोंची प्रकरणे वेगळी असतात, औषधे वेगळी असतात आणि फवारणीची वेळापत्रकेही वेगळी असतात. भाताच्या विषाणुरोगांपाशी आल्यावर मात्र ही विभागणी टिकत नाही. हिरवा तुडतुडा केवळ रसशोषक कीड म्हणून दुय्यम मानला जातो. तुंग्रो या रोगाचे विषाणू बियाण्यातून, मातीतून किंवा पाण्यातून एका रोपाकडून दुसऱ्या रोपाकडे जाऊ शकत नाहीत. एकेकट्याने पाहिले तर दोघांचाही धाक फारसा नाही. एकत्र आले की खाचरेच्या खाचरे नारिंगी पडतात, रोपांची वाढ खुंटते आणि लोंब्यांत पळंज तेवढे उरते. अशा रोगाचे स्थान विषाणू, कीटक, भाताचे रोप आणि हंगाम यांच्या परस्परसंबंधात शोधावे लागते. प्रस्तुत लेखात या संबंधाचे स्वरूप उलगडण्याचा प्रयत्न केला असून, भातपट्ट्यातील निरनिराळ्या भाषांनी या कीटकांना आणि रोगांना दिलेल्या नावांचा त्यासाठी आधार घेतला आहे. तौलनिक अभ्यासाला ही सामग्री परकी वाटण्याचे कारण नाही. एकच वस्तू अनेक भाषांनी कशी पाहिली आणि काय पाहायचे राहून गेले, हा प्रश्न येथेही आहेच.

प्रथम कीटकांची नावे. मराठीतील 'तुडतुडा' हे नाव त्याच्या हालचालीवरून पडले आहे. एखादा वृद्ध 'तुडतुडीत' असतो तो याच अर्थाने. हिरवा तुडतुडा (नेफोटेटिक्स व्हिरेसन्स) जेमतेम चार-पाच मिलिमीटर लांब, पाचरीच्या आकाराचा, हिरवागार असतो; नराच्या पंखांची टोके काळी असतात. रोपाला हात लागताच तो तिरपा चालत पानाआड होतो किंवा उडी घेतो. हिंदीतील 'फुदका' आणि तमिळमधील 'तत्तुप्पूच्ची' ही नावेही उडी मारण्यावरूनच आलेली आहेत. जपानीत त्याला 'योकोबाइ', म्हणजे आडवा सरकणारा, म्हणतात. उडीपेक्षा ती तिरपी चाल जपानी शेतकऱ्याच्या नजरेत अधिक भरलेली दिसते. बंगालीत याच कीटकाचे नाव 'श्यामापोका' आहे. कालीपूजेच्या, म्हणजेच श्यामापूजेच्या सुमारास, अमन भात पक्व होत असताना त्याचे थवे दिव्यांभोवती जमतात, म्हणून ते श्यामेचे किडे. तेलुगूतील 'पच्चदीपपु पुरुगु' या नावाचा अर्थही हिरवा दिव्यावरचा किडा असाच आहे. या दोन भाषांनी तुडतुड्याला दिव्यापाशी पाहिले आणि तेथेच त्याचे नामकरण केले.

कीटकशास्त्र पानांवरचे तुडतुडे आणि बुंध्यावरचे तुडतुडे यांची दोन स्वतंत्र कुळे मानते. मराठी दोन्हींना तुडतुडेच म्हणते आणि 'हिरवे', 'तपकिरी', 'पांढऱ्या पाठीचे' अशा विशेषणांनी त्यांत भेद करते. जपानी मात्र बुंध्यावरच्या कुळाला 'उंका' असे वेगळे नाव देते. हा भेद निव्वळ वर्गीकरणाचा नाही. हिरवा तुडतुडा रोपाच्या वरच्या भागात वावरतो. तपकिरी तुडतुडा पाण्यालगत बुंध्याशी, दाट सावलीत बसतो. त्याची संख्या अनावर झाली की पीक गोलाकार चट्ट्यांत वाळत जाते. तेलुगूत त्याला 'सुडिदोम' म्हणतात: 'सुडि' म्हणजे भोवरा आणि 'दोम' म्हणजे डास. वाळत चाललेल्या शेतातील तो वर्तुळाकार चट्टा या एका शब्दात नेमका पकडला गेला आहे. पण हे नुकसान रस शोषल्याने होणारे, उघड दिसणारे आहे. विषाणूचा मामला त्याहून गूढ.

आता रोगांची नावे पाहू. 'तुंग्रो' हा शब्द फिलिपीन्समधील इलोकानो भाषेचा असून खुरटलेली, बिघडलेली वाढ असा त्याचा अर्थ आहे. मलय भाषेत याच रोगाला 'पेन्याकित मेराह', म्हणजे लाल रोग, म्हणत. मलायात १९३८ पासून त्याची नोंद आहे. थायलंडमध्ये 'रोक बाय सी सोम', म्हणजे नारिंगी पानांचा रोग, असे नाव आहे; त्यातील 'रोक' हा आपल्याच 'रोग' शब्दाचा थाई अवतार. जावा बेटावर 'मेंटेक' नावाच्या व्याधीच्या नोंदी १८५९ पासून सापडतात. क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी 'द रिलिजन ऑफ जावा' (१९६०) या ग्रंथात जावामधील भुताखेतांची जी वर्णने नोंदवली आहेत, त्यांत 'मेंटेक' हेही आहेत: भातखाचरांत राहणारी, लहान नग्न मुलांसारखी दिसणारी ही भुते लोंब्यांतील दाणे पोकळ करतात असा समज होता. जुन्या नोंदींतील प्रत्येक मेंटेक म्हणजे तुंग्रोच, असे मात्र म्हणता येत नाही. वसाहतकाळातील तज्ज्ञांनी त्याचे कारण कधी मातीत, कधी मुळांवरील सूत्रकृमींत शोधले, आणि काही ठिकाणी ते बरोबरही असेल. एका नावाखाली अनेक व्याधी आणि एका व्याधीला अनेक नावे, असा हा दुहेरी गुंता आहे.

मराठीतील 'तांबेरा', 'करपा', 'काजळी', 'केवडा' या पीकरोगांच्या नावांप्रमाणेच वरील बहुतेक नावे बाह्य रूपावर बेतलेली आहेत. रूप खोटे नसते, पण फसवे असू शकते. पान नारिंगी पडले की जस्ताची वा नत्राची उणीव आहे असे वाटणे स्वाभाविक, आणि मग खताचा हप्ता वाढवला जातो. तुंग्रोच्या शेतात त्याचा उपयोग शून्य. लक्षणीय गोष्ट अशी की दिव्यावरच्या किड्याचे नाव आणि पान नारिंगी होण्याचे नाव ही दोन्ही ज्या प्रदेशात शेजारी शेजारी नांदली, तेथेही त्या दोहोंना जोडणारा शब्द कुठल्याच भाषेत तयार झालेला दिसत नाही. एकटा जावाचा 'मेंटेक' शब्द कुणीतरी सजीव कर्ता शेतात वावरतो आहे असे सुचवतो. लोकसमजुतीला कारणाची चाहूल होती असा अर्थ त्यातून काढण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा.

हा सांधा प्रथम जुळला तो जपानमध्ये, आणि तोही एका शेतकऱ्याकडून. बिवा सरोवराच्या भोवती पसरलेल्या शिगा प्रांतातील हाशिमोतो हात्सुझो या भात-उत्पादकाने १८८३ च्या सुमारास प्रयोग करून भाताचे बुटकेपण आणि तुडतुडे यांचा संबंध ओळखला. त्याने आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले नाहीत. १८९५ मध्ये ताकाता यांनी या विषयावर जपानीत लिहिले आणि 'इनाझुमा योकोबाइ' हा नागमोडी पट्ट्यांचा तुडतुडा (रेसिलिया डॉर्सालिस) कारणीभूत असल्याचे सांगितले. 'इनाझुमा' म्हणजे वीज. ज्या चिन्हांनी हा शब्द लिहिला जातो त्यांचा शब्दशः अर्थ भाताचा जोडीदार असा होतो, कारण विजेमुळे भातात दाणा भरतो अशी जुनी जपानी समजूत होती. त्याच नावाचा कीटक भाताचा वैरी निघावा हा योगायोग. पुढे हिरव्या तुडतुड्याच्या जपानी भाईबंदाचा, नेफोटेटिक्स सिंक्टिसेप्सचा, सहभाग प्रकाशात आला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेर हेही स्पष्ट झाले की तुडतुडा स्वतः विषारी नसतो. रोगट रोपावर पोसल्यानंतरच तो रोग पसरवू शकतो.

कीटकाद्वारे पसरणाऱ्या वनस्पतिविषाणूचे जगातील हे पहिले उदाहरण होय. परंतु जपानबाहेर त्याची ओळख होण्यास फार उशीर लागला. कात्सुरा यांनी १९३६ मध्ये एका अमेरिकी संशोधनपत्रिकेत इंग्रजीतून हा इतिहास मांडला, तेव्हा हाशिमोतोच्या प्रयोगांना पन्नास वर्षे उलटून गेली होती. ज्ञानाच्या प्रवासात भाषांतराची भूमिका साहित्याच्या अभ्यासकांना सांगावी लागत नाही. विज्ञानही तिच्यातून सुटलेले नाही, एवढेच येथे नोंदवायचे.

जपानी संशोधनाचा दुसरा महत्त्वाचा टप्पा १९३३ चा. फुकुशी तेइकिची यांनी दाखवून दिले की भाताच्या बुटकेपणाचा विषाणू बाधित मादीच्या अंड्यांतून तिच्या पिल्लांत उतरतो, आणि रोगट रोपाशी पुन्हा संबंध न येताही अनेक पिढ्या तसाच चालत राहतो. याचा अर्थ, हा विषाणू कीटकाच्या सोंडेला नुसता चिकटलेला नसून त्याच्या शरीरात वाढतो. तो वनस्पतीचा जितका, तितकाच कीटकाचाही विषाणू. वनस्पतिशास्त्रातील मराठी परिभाषेत विषाणूला आश्रय देणाऱ्या रोपास 'यजमान' म्हणतात. येथे यजमान दोन आहेत, आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या घरी जेवायला येतो.

तुंग्रोचे नाते याच्या अगदी उलट आहे. कीटक त्याच नेफोटेटिक्स प्रजातीतला, पण विषाणू त्याच्या शरीरात वाढत नाही आणि अंड्यांतही उतरत नाही. रोगट रोपावर काही मिनिटे सोंड खुपसून बसला की तुडतुडा विषाणू उचलतो, लगेचच निरोगी रोपाला देऊ शकतो आणि काही दिवसांत ती क्षमता गमावून बसतो. पिल्लाने कात टाकली की क्षमताही कातीबरोबर जाते. बुटकेपणाचा तुडतुडा वारसा सांभाळतो, तुंग्रोचा तुडतुडा निरोप पोचवतो, असा हा फरक. वारसा पुढच्या पिढीतही टिकतो. निरोप्याला मात्र दर वेळी नवा निरोप घ्यावा लागतो. म्हणून तुंग्रोच्या साथीला जवळपास सतत हिरवे, सतत रोगट असे भात हवे असते. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली तर पुढील बराचसा इतिहास उलगडतो.

तुंग्रो हा तुडतुड्यांमार्फत पसरणारा विषाणुरोग असल्याचे फिलिपीन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात सिद्ध झाले. १९६५ मध्ये मलायाचा 'लाल रोग' म्हणजे हाच, हेही दाखवले गेले. पण खरा उलगडा व्हायला आणखी तेरा वर्षे लागली. हिबिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये दाखवले की तुंग्रोच्या रोपात दोन भिन्न विषाणू असतात: एक दंडाकार, दुसरा गोलाकार. दंडाकार विषाणू रोपाला खुजे आणि नारिंगी करतो, परंतु तुडतुडा त्याला एकट्याला उचलू शकत नाही. गोलाकार विषाणू सहज उचलला जातो, पण त्याची रोपावरची लक्षणे इतकी सौम्य की बहुधा ध्यानातच येत नाहीत. तुडतुड्याने आधी गोलाकार विषाणू घेतलेला असेल तरच दंडाकार विषाणूचा प्रवास शक्य होतो. ज्याच्यामुळे रोग दिसतो तो हलू शकत नाही. ज्याच्यामुळे रोग हलतो तो दिसत नाही. दोघांत कसलेही कुळसाधर्म्य नाही. पहिल्याचे जनुकद्रव्य डीएनएचे आहे, दुसऱ्याचे आरएनएचे.

नावांच्या दृष्टीने याला एक पुरवणी आहे. क्यूशू या जपानी बेटावर १९७० च्या दशकाच्या आरंभी भात किंचित खुजे करणारा एक रोग आला. तेथे त्याला 'वाइका', म्हणजे खुजेपणा, असे नाव मिळाले. हा विषाणू तुंग्रोमधील गोलाकार विषाणूच निघाला. दंडाकार जोडीदार तेथे नव्हता, म्हणून एरवी दडून राहणाऱ्याला स्वतंत्र नाव लाभले. आज विषाणूंच्या वर्गीकरणात गोलाकार विषाणूची प्रजाती जपानी शब्दावरून आणि दंडाकार विषाणूची प्रजाती इलोकानो शब्दावरून ओळखली जाते. दोन्ही शब्दांचा अर्थ जवळपास एकच!

भारतात तुंग्रोची निश्चित नोंद १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात झाली आणि १९६९ मध्ये पूर्व भारतात त्याची मोठी साथ आली. हा काळ महत्त्वाचा आहे. तैचुंग नेटिव्ह-१ आणि आयआर-८ हे बुटक्या चणीचे, अधिक उत्पादन देणारे वाण त्याच वर्षांत पसरत होते. त्यांतील तैचुंग नेटिव्ह-१ तुंग्रोला इतका चटकन बळी पडतो की रोगग्राह्य वाणाचा मानदंड म्हणून संशोधनात त्याचाच वापर होत आला. दोष एकट्या वाणाचा नव्हता. सिंचन वाढले, दिवसमानाची पर्वा न करणारे कमी मुदतीचे भात आले आणि कोकण-गोव्यात ज्याला 'वायंगण' म्हणतात तशा दुसऱ्या हंगामाचे पीक अनेक प्रांतांत मोठ्या प्रमाणावर घेतले जाऊ लागले. पूर्वी सुगी आणि पुढची लावणी यांच्यामध्ये शेत कोरडे पडे आणि निरोप्याच्या हाती निरोप उरत नसे. आता एका शेतात कापणी झालेली असताना शेजारी रोपवाटिका हिरवी असते आणि कापलेल्या धसकटांतून पुन्हा फुटवे येतात. हरितक्रांतीवर सरसकट खापर फोडणारे लेखन पुष्कळ आहे. ते अर्धवट वाटते, कारण वाढलेल्या लोकसंख्येला लागणारे धान्य याच वाणांनी पुरवले. पण त्यांच्यासोबत आलेल्या अखंड हिरवेपणाची किंमत आधी कुणी मोजली नव्हती, हेही तितकेच खरे.

पहिला उपाय सुचला तो अर्थातच फवारणीचा. 'कीड व रोग' या विभागणीचे तोटे येथे प्रत्यक्ष दिसतात. कीड म्हणून तुडतुडा मारायचा तर त्याची संख्या विशिष्ट मर्यादेपलीकडे जाईपर्यंत थांबणे शहाणपणाचे असते. वाहक म्हणून पाहिले तर मोजकेच बाधित तुडतुडेही पुरेसे असतात, कारण विषाणू द्यायला मिनिटेच लागतात आणि औषध लागू पडेपर्यंत काम उरकलेले असते. नारिंगी पान दिसल्यावर केलेली फवारणी तर उशिराचीच. शिवाय तुडतुड्यांवर जगणारे कोळी आणि त्यांची अंडी खाणारे मिरीड ढेकूण त्याच फवाऱ्यात मरतात. तपकिरी तुडतुड्याच्या बाबतीत इंडोनेशियाला याचा इतका कडू अनुभव आला की १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या आदेशाने भातावरील ५७ कीटकनाशकांवर बंदी घालण्यात आली.

दुसरा उपाय प्रतिकारक्षम वाणांचा. त्यातील एक प्रकरण संस्कृतच्या अभ्यासकांनाही रुचेल असे आहे. तपकिरी तुडतुडा पसरवीत असलेल्या, रोपाला गवतासारखे झुपकेदार आणि खुजे करणाऱ्या एका विषाणुरोगावर उपाय शोधताना आंतरराष्ट्रीय संस्थेत गुरदेवसिंग खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या काळात सहा हजारांहून अधिक नमुने तपासले गेले. प्रतिकार आढळला तो एकाच नमुन्यात. तो होता उत्तर प्रदेशातून १९६० च्या दशकात गोळा केलेला रानभात, ओरायझा निवारा. या प्रजातीचे १९६५ मधील नामकरण भारतीय शास्त्रज्ञ शर्मा आणि शास्त्री यांचे, आणि नाव अर्थातच संस्कृत 'नीवार' या शब्दावरून. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत आश्रमाची चाहूल ज्या खुणांवरून ओळखतो, त्यांत पोपटांच्या ढोलीखाली सांडलेले नीवाराचे दाणे आहेत. नांगराविना उगवणारे, म्हणूनच ऋषींना चालणारे हे धान्य विसाव्या शतकात नांगरटीच्या भाताला वाचवायला आले. त्याचे जनुक घेऊन १९७४ पासून नवे वाण बाहेर पडू लागले. १९७६ चा आयआर-३६ त्यांपैकीच. १९८० च्या दशकात तो एक कोटीहून अधिक हेक्टरवर लावला जात होता.

तरीही एका व्याधीपासून संरक्षण म्हणजे सर्व व्याधींपासून संरक्षण नव्हे. स्टीफन लान्सिंग यांच्या 'प्रीस्ट्स अँड प्रोग्रॅमर्स' (१९९१) या ग्रंथातील बालीचा इतिहास या संदर्भात उल्लेखनीय आहे. बालीतील डोंगरउताराच्या खाचरांचे पाणी 'सुबक' या शेतकरी-संघांकडून वाटले जाते आणि अनेक सुबकांचे वेळापत्रक जलमंदिरांतून ठरते. कुणी केव्हा लावणी करायची, कोणत्या पट्ट्याने एकाच वेळी शेत मोकळे ठेवायचे, हे मंदिरातील उत्सवांच्या दिनमानाशी बांधलेले असते. १९७० च्या दशकात सरकारी योजनेने प्रत्येकाने शक्य तितक्या वेळा, शक्य तितक्या लवकर भात घ्यावे असा आग्रह धरला. मंदिराचे वेळापत्रक मागे पडले. प्रथम तपकिरी तुडतुड्यांनी शेते वाळवली. त्यावर इलाज म्हणून आयआर-३६ आले. तो तुंग्रोला बळी पडला. मग तुंग्रोला तोंड देणारा वाण आणला, तर त्यावर बुरशीजन्य करपा पडला. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत अनेक सुबक पुन्हा मंदिराच्या दिनमानाकडे वळले.

मंदिरातील पुरोहितांना विषाणू ठाऊक होता असे यावरून ठरत नाही, आणि लान्सिंगही तसे म्हणत नाहीत. मंदिराचे वेळापत्रक मुख्यतः पाण्यासाठी होते. पण शेकडो हेक्टरचा पट्टा एकदम कोरडा राहिला की तुडतुड्याला निरोप मिळायची जागा उरत नाही, हे त्याचे दुसरे फळ होते. सहकारी जेम्स क्रेमर यांच्यासह केलेल्या संगणकीय प्रतिमानातून लान्सिंग यांनी दाखवले की यात एक तोल असतो: फार लहान पट्टे एकत्र लावले तर कीड एका शेतातून दुसऱ्यात सरकते, फार मोठा प्रदेश एकत्र लावला तर सर्वांना एकाच वेळी पाणी लागते आणि ते पुरत नाही. जलमंदिरांची जाळी या दोहोंच्या मधल्या आकाराशी जुळत होती. इंडोनेशियातच, दक्षिण सुलावेसीत, १९८० च्या दशकात हेच तत्त्व शासकीय यंत्रणेने निराळ्या मार्गाने राबवले. लावणीच्या वेळा प्रदेशवार ठरवल्या गेल्या आणि तुडतुड्याने एका वाणाशी जुळवून घेण्याआधीच निराळ्या जनुकांचे वाण आलटून पालटून लावण्यात आले. तेथे ते यशस्वी ठरले. जमीनधारणा विखुरलेली आणि पाण्याचे स्रोत वेगवेगळे असतील तेथे मात्र, भारतातील बहुतेक भातपट्ट्यांप्रमाणे, एकवेळच्या लावणीचा सल्ला देणे सोपे आणि पाळणे कठीण जाते.

प्रतिकारक्षमतेचे स्वरूपही दोन प्रकारचे असते, आणि या दोहोंची गल्लत बराच काळ होत राहिली. तुंग्रो न आलेले वाण पुष्कळदा विषाणूला नव्हे तर तुडतुड्याला नकोसे असत. अशा वाणावर तो अन्नरसवाहिन्यांऐवजी जलवाहिन्यांत सोंड खुपसून बसतो. काही हंगामांत तुडतुडे जुळवून घेतात आणि वाण 'कोसळतो'. थेट विषाणूला रोखणारे वाण विरळा. इंडोनेशियातील 'उत्री मेराह' हा त्यांतला प्रसिद्ध. त्याच्या गोलाकार विषाणूविरुद्धच्या प्रतिकाराचे मूळ २०१० मध्ये एका जनुकात सापडले. पेशीत आरएनएवरील संदेशाचे प्रथिनात रूपांतर होते त्या क्रियेला जीवशास्त्रही 'भाषांतर'च म्हणते. हे जनुक त्या भाषांतराचा आरंभ करणाऱ्या घटकाचे आहे. विषाणूला स्वतःची भाषांतरयंत्रणा नसते, त्याला यजमानाची वापरावी लागते. यजमानाच्या यंत्रणेत किंचित बदल असला की विषाणूचा मजकूर वाचलाच जात नाही. २०१८ मध्ये हाच बदल जनुकसंपादनाने आयआर-६४ या वाणात घडवून आणता आला.

अन्य खंडांतील वाहकांचा येथे ओझरता उल्लेख पुरे. आफ्रिकेतील पिवळ्या ठिपक्यांचा भातरोग तुडतुडे नव्हे तर पाने कुरतडणारे भुंगेरे पसरवतात, आणि तो स्पर्शानेही पसरू शकतो. लॅटिन अमेरिकेतील 'ओहा ब्लांका', म्हणजे पांढरे पान, या रोगाचा विषाणू अंड्यांतून उतरतो खरा, पण वाहक कीटकालाही दुर्बळ करतो. त्यामुळे साथ स्वतःच्याच भाराने ओसरते आणि काही वर्षांनी परतते.

तुडतुड्यांच्या प्रवासाची गोष्ट मात्र थोडी सविस्तर सांगायला हवी. पश्चिम जपानात भातावरच्या उंकांना 'सानेमोरीचे किडे' म्हणत. साइतो सानेमोरी हा ११८३ मध्ये शिनोहाराच्या लढाईत पडलेला वृद्ध योद्धा. पिकलेले केस काळे रंगवून तरुणांच्या बरोबरीने लढायला गेलेला सानेमोरी 'हेइके मोनोगातारी'त येतो आणि झेआमीच्या नो नाटकात त्याचे भूत येते. लोककथेने यात आपली भर घातली: त्याचा घोडा भाताच्या धसकटाला अडखळला म्हणून तो मारला गेला, आणि त्या रागाने तो भात खाणारा किडा झाला. १७३२ च्या भीषण दुष्काळात उंकांनी पश्चिम जपानचे पीक बुडवले. 'मुशी-ओकुरी' या विधीत गवताची बाहुली, कित्येक गावांत सानेमोरीचीच, मशालींच्या मिरवणुकीने गावाच्या शिवेबाहेर पोचवली जाते. मरीआईचा गाडा पुढच्या गावाच्या हद्दीत ढकलणाऱ्या महाराष्ट्राला हा विधी समजावून सांगण्याची गरज नाही.

शिवेबाहेर घालवलेले हे किडे मुळात कुठून येतात, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ अनुत्तरित होता; कडक हिवाळ्यात तपकिरी आणि पांढऱ्या पाठीचे तुडतुडे जपानात तग धरू शकत नाहीत. १९६७ च्या उन्हाळ्यात जपानच्या दक्षिणेस, किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर, भर समुद्रात उभ्या असलेल्या हवामान-निरीक्षक जहाजावर तुडतुड्यांचे थवे उतरले आणि कोडे सुटू लागले. दक्षिण चीन आणि उत्तर व्हिएतनामकडून पावसाळी वाऱ्यांवर स्वार होऊन ते दरवर्षी समुद्र ओलांडतात. पंखांची लांबी काही मिलिमीटर; शीव मात्र देशांची.

या प्रवासाचे महत्त्व एकविसाव्या शतकात नव्याने कळले. २००१ मध्ये चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात भाताला खुजे करणारा एक विषाणू आढळला. पांढऱ्या पाठीचा तुडतुडा त्याचा वाहक आहे. विषाणू त्याच्या शरीरात वाढतो, आयुष्यभर राहतो, परंतु अंड्यांत उतरत नाही. २००९ मध्ये उत्तर व्हिएतनाममध्ये त्याची मोठी साथ आली. २०२२ च्या खरिपात पंजाब आणि हरियाणातील शेतांत काही रोपे शेजारच्या रोपांच्या निम्म्या उंचीवरच अडली. प्रथम तर्क झाले ते नेहमीचेच: जस्ताची उणीव, बियाण्याचा दोष. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने केलेल्या तपासणीत हा तोच विषाणू निघाला. भारतातील ही त्याची पहिली नोंद. बाधा वाणावाणात फरक न करता, मुख्यतः लवकर लावणी झालेल्या शेतांत दिसली, म्हणजे प्रश्न पुन्हा लावणीच्या तारखेपाशी आला. रोगाच्या अधिकृत नावात 'दक्षिणी' हे विशेषण आहे. चीनच्या दक्षिण भागावरून ते पडले. आता ते भारताच्या वायव्य टोकावरील शेतांनाही लावले जाते, आणि शेतकरी त्या रोपांना नुसते बुटके म्हणतात.